२४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवर फांद्या कुटायचं चिपर: कोणतं घ्यावं, कसं चालवावं?

राजापूरची_बाग

नमस्कार मंडळी. बाग राजापूर तालुक्यात, वडिलार्जित. हापूसची जुनी कलमं आहेत, निम्मी आजोबांच्या हातची. उंची अशी की आंबे काढायला गडी वर चढला की खाली उभ्या असलेल्याने देवाचं नाव घ्यायचं. म्हणून आता टप्प्याटप्प्याने कलमं बुटकी करायला घेतली आहेत. मधल्या फांद्या काढून ऊन आत सोडायचं, कापांना बोर्डो पेस्ट लावायची, इथवर जमलंय. अडलंय ते खाली पडलेल्या फांद्यांपाशी.

जाड सोट लाकूडवाला नेतो. राहतात मनगटाएवढ्या नि त्याहून बारीक फांद्या, त्यांचा टाहाळ आणि पातेरा. पूर्वी हे सगळं चुलीत आणि राब भाजायला जायचं. आता चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यापुरती, आणि भात लावतो तो घरच्या खाण्यापुरता. मग ढीग रचायचे गडग्याच्या कडेने. फेब्रुवारी लागला की वणव्याची धास्ती. मागे एकदा शेजारच्या सड्यावरचं गवत पेटलं, आग गडग्याशी आली आणि या ढिगांवरूनच आत उतरली. कडेची कलमं होरपळली ती अजून धरत नाहीत.

तर चिपर घ्यायचा विचार आहे. फांदी घालायची, भुगा करायचा, आळ्यात पसरायचा. ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी. आत्तापर्यंत फवारणी, ट्रॉली आणि थोडी चिखलणी एवढंच त्याने केलंय. एक विक्रेता म्हणतो ६ इंची चिपर आरामात ओढेल. दुसरा म्हणतो फांदी धरून आत सोडणारे रोलर-बिलर काही नको, यंत्र स्वतःच फांदी खेचून घेतं. ते "स्वतःच खेचून घेतं" ऐकल्यापासून आमच्या घरात या खरेदीला विरोध सुरू झालाय, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

बागेत कामाला दोन गडी, शिवाय राखणीला नेपाळी जोडपं. यंत्रावर तेच असणार. जमीन सगळी उताराची, खाली जांभा. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा: केवढं घ्यावं, बेल्टचं की गिअरबॉक्सचं, रोलर हवा का, आणि माणसं सुखरूप राहायची तर नेमकं काय पाळायचं. अनुदानाचं कळलं तर तेही.

सडा_आणि_शेत

दादा, सरळ ६ इंची घ्या. पुढेमागे ट्रॅक्टर मोठा घेतलात तर यंत्र बदलावं लागणार नाही. आमच्याकडे आहे, अख्खी फांदी गिळतं. जास्त विचार करत बसाल तर पाऊस येईल.

पाना_पक्कड

वरच्या भावांचा ट्रॅक्टर ४५ च्या पुढचा असणार. त्यांचं यंत्र त्यांना लखलाभ, तुम्ही ते घेऊ नका.

माझी ओळख एवढीच की लांज्याच्या बाजूला ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, आणि घरची काजू-आंब्याची बाग आहे. चिपर स्वतः वापरतो, आणि लोकांनी बिघडवलेले दुरुस्तही करतो. दुसऱ्यातून शिकायला जास्त मिळतं.

आधी एचपीचं बघू. तुमचं २४ हे इंजिनाचं. पीटीओवर, म्हणजे यंत्र चालवायला ट्रॅक्टरच्या मागे जे फिरतं टोक असतं त्यावर, त्यातलं १९ ते २२ पोचतं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात पीटीओ एचपी वेगळी लिहिलेली असते, ती बघा आणि विक्रेत्याशी त्याच आकड्यावर बोला. माझा ढोबळ हिशोब असा की ओल्या आंब्याच्या लाकडाला व्यासाच्या दर इंचाला पीटीओचे ५ एचपी धरावेत. म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरचं पोट ४ इंचाला भरतं. ६ इंची म्हणजे तोंड ६ इंचाचं. त्यात ६ इंचाचं लाकूड घातलंत की इंजिन घरघरणार, आतली पात्यांची चकती मंदावणार, आणि फांदी अर्धी आत अर्धी बाहेर अडकणार. अपघात होतात ते नेमके ती अडकलेली फांदी काढताना.

तसंही ४ इंचावरचं लाकूड तुम्ही विकताच आहात. त्याचा भुगा कशाला करायचा? तुम्हाला यंत्र हवंय ते मनगटाखालच्या मालासाठी. ४ इंची घ्या, फार तर ५ इंची तोंडाचं, पण घालायचं ४ पर्यंतच. तोंड थोडं मोठं असलं तर वाकड्या, दुबेळक्याच्या फांद्या नीट जातात, तेवढाच त्याचा उपयोग.

दुसरं वजन. मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट कागदावर ७५० किलोच्या आसपास असते. लोक म्हणतात चिपर ३०० किलोचा, मग चिंता कसली. पण तो आकडा लोअर लिंकच्या, म्हणजे मागे यंत्र अडकवायच्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो, चिपरचं वजन त्याच्याही मागे लोंबत असतं. चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळ जातो. पुढे वजनं लावा. चिपर घेऊन जाताना जमिनीपासून वीतभरच उचला, उंच नको. आणि उतारावर जागोजागी नेऊन कुटत बसू नका. बागेत एक-दोन सपाट जागा ठरवा, चिपर तिथे टेकवा, फांद्या तिथवर आणा. मजुरी थोडी जास्त पडेल, पडू दे.

बेल्ट की गिअरबॉक्स, याला माझं उत्तर बेल्ट. अडकलं तर बेल्ट घसरतो, वास येतो, माणूस सावध होतो. गिअरबॉक्सचं वाईट असतं असं नाही, पण तिथे सगळी मदार शिअर बोल्टवर. तो बोल्ट मुद्दाम कच्चा असतो, तुटावा म्हणूनच बसवलेला. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत निम्म्या ठिकाणी त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकलेला दिसतो, कारण काय तर "सारखा तुटत होता हो". मग बोल्ट वाचतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचे दाते जातात. पुस्तकात ज्या ग्रेडचा लिहिलाय त्याच ग्रेडचे अर्धा डझन घेऊन टूलबॉक्समध्ये ठेवा.

पीटीओचा वेग बघून घ्या. चिपर बहुतेक ५४० फेऱ्यांसाठी बनवलेले असतात. काही मिनी ट्रॅक्टरना ७५० चा दुसरा वेगही असतो. काम लवकर उरकेल म्हणून तो कोणी लावू नये. चकती, पाती, बोल्ट सगळं ५४० च्या हिशोबाचं असतं. इंजिन किती फेऱ्यांवर असताना पीटीओ ५४० देतो ते पुस्तकात असतं, मीटरवर तिथे रंगाचा ठिपका द्या. गडी बदलला तरी ठिपका बदलत नाही. पीटीओ टाकायचा तो इंजिन हळू असतानाच, मग सावकाश ठिपक्यापर्यंत न्यायचं. चकती जड असते, भरवेगात पीटीओ टाकलात तर क्लच आणि पीटीओपासून चिपरपर्यंत जाणारा शाफ्ट, दोन्हींवर घाव बसतो.

आता शाफ्ट. यंत्राबरोबर येतो तो मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा. मिनीला तो बहुतेक वेळा लांब होतो आणि लोक तसाच रेटून बसवतात. लिफ्ट वर घेतली की शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरतात, पुढे जागा उरत नाही, आणि जोर सरळ ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर येतो. बसवताना असं करा: इंजिन बंद, चिपर जोडलेला, शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक चिपरला लावा. लिफ्ट वरखाली करून दोन्ही टोकं सगळ्यात जवळ कधी येतात ते बघा. त्या जागी दोन्ही भाग शेजारी शेजारी धरून खूण करा, दोन्ही टोकांना बोटभर मोकळीक उरेल असं कापा. जेवढी आतली नळी कापाल तेवढीच बाहेरची, आणि वरचं प्लॅस्टिकचं गार्डही तेवढंच. कापलेल्या तोंडाची खरखर कानशीने काढा, ग्रीस लावा. मग लिफ्ट खाली घेऊन बघा, लांबात लांब असतानाही एक तृतीयांश नळी दुसरीत राहिली पाहिजे. गार्डच्या साखळ्या दोन्हीकडे अडकवा, म्हणजे शाफ्ट फिरेल पण गार्ड फिरणार नाही. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९. गमछाचं टोक गुंडाळलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

पीटीओ सोडला की चकती थांबत नाही, बराच वेळ फिरत राहते. काही मिनी ट्रॅक्टरमध्ये ती उलट ट्रॅक्टरलाच ढकलते, क्लच दाबला तरी. तुमच्या ट्रॅक्टरला तसं होत असेल तर शाफ्टला एकाच बाजूने जोर देणारा क्लच मिळतो, ओव्हररनिंग म्हणतात, तो लावून घ्या.

रोलरचं उद्या लिहितो. तो मुद्दा मोठा आहे.

द्राक्षवाला_निफाड

काकांनी यंत्राचं सगळं सांगितलंच. मी आमच्या बाजूचं सांगतो, कारण इथे लोक दोन वेगळी यंत्रं एकच समजून विचारतात.

आम्ही एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काडी ओळीतच टाकतो आणि मागून ट्रॅक्टरचं श्रेडर फिरवतो. त्यात खाली रोटरवर हातोडे असतात, जमिनीवर पडलेली काडी चालता चालता कुटली जाते. बोटाएवढी काडी, तिला तेच बरोबर. तुमच्या आंब्याच्या फांदीला ते उपयोगाचं नाही. कोणी "मल्चर घ्या, सगळ्याला चालतं" म्हणाला तर हो म्हणू नका.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. बारीक तार. आमच्याकडे मांडवाच्या तारेचे तुकडे काडीत जातात आणि हातोड्याची वाट लागते. तुमच्याकडे फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू देताना तारेने बांधतात ना? ती तार सालीत रुतून दिसेनाशी होते. जुन्या झाडावर खिळेही असतात. फांदी घालण्याआधी नजर टाकायची सवय लावा.

रोगट मालाबद्दलही सांगतो. आमचे पाहुणे सांगोल्याला डाळिंब करतात. तेल्या रोगाच्या फांद्या ते कुटून बागेत पसरत नाहीत, बाहेर नेऊन नष्ट करतात. तुमच्या बागेत रोगाने वाळलेल्या फांद्या असतील तर त्या भुग्यात मिसळू नका.

अनुदान महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, यांत्रिकीकरणात बघा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४०, आणि वर कमाल रकमेची मर्यादा. तुमचं यंत्र यादीत कोणत्या नावाखाली बसतं ते कृषी सहायकाला विचारून घ्या. पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल फाडलंत तर ते बिल कामाचं राहत नाही. आणि मॉडेलचा तपासणी अहवाल लागतो. गावच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या यंत्राला तो नसतो.

राजापूरची_बाग

काका, भाऊ, मनापासून आभार. ६ इंचीचा विषय संपला.

काल घाटावर एका वर्कशॉपमध्ये ४ इंची बघून आलो. बेल्टचं आहे, किंमतही बरी. पण रोलर नाही. फांदी ज्या पत्र्याच्या तोंडातून घालायची ते तोंड मी टेपने मोजलं, काठापासून चकतीपर्यंत जेमतेम दीड फूट. मी म्हटलं एवढं आखूड का, तर मालक म्हणाले, "लांब केलं तर बारीक फाटी आत जात नाहीत, हाताने ढकलायला सोपं पडावं म्हणून आखूड ठेवलंय." चालेल का?

पाना_पक्कड

नाही चालणार. फुकट दिलं तरी आणू नका.

हाताने ढकलायला सोपं, म्हणजे हात चकतीपर्यंत पोचायला सोपं. तुमचा हात खांद्यापासून बोटापर्यंत दोन फुटांच्या वर आहे. तोंड दीड फुटाचं. हिशोब तुम्हीच करा. मळणी यंत्रांनी असेच हात नेले म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी संसदेला कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या सुरक्षित घमेल्याला, म्हणजे कणसं घालायच्या तोंडाला, ९० सेंटीमीटर लांबी आणि त्यातला ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला, असं माप ठरलंय. ते कणसं घालायच्या यंत्राचं. चिपर लाकूड स्वतः ओढतो, त्याचं तोंड त्याहून आखूड असावं हे कोणत्या शहाणपणात बसतं? तोंड हाताच्या लांबीपेक्षा बरंच जास्त हवं, आणि खालचा काठ कंबरेच्या वर, म्हणजे पाय घसरून माणूस आत ओणवा होणार नाही.

आता रोलर. बिनारोलरच्या यंत्रात पात्यांचा कोन असा असतो की फांदी पात्याला लागली की यंत्रच ती खेचतं. किती वेगाने, हे तुमच्या हातात नाही. सरळ फांदी असेल तर सुरेख जाते. पण आंब्याची फांदी सरळ कधी असते? बेळकं पत्र्याला अडतं, फांदीचं बाहेरचं टोक गर्रकन फिरतं आणि घालणाऱ्याच्या कानशिलात बसतं. हायड्रॉलिक रोलरचं यंत्र फांदी पकडून सावकाश आत सोडतं, इंजिन दमलं तर थांबवता येतं, आणि मुख्य म्हणजे उलटं फिरवता येतं. अडकलेली फांदी हात न लावता परत बाहेर. पैसे जास्त जातात, ते जाऊ द्या. तुमच्याकडे यंत्रावर गडी असणार आहेत, तुम्ही स्वतः नाही, म्हणून हे ठासून सांगतोय.

रोलरच्या यंत्राला तोंडाच्या काठाशी एक दांडा असतो. अंग किंवा मांडी त्याला लागली की रोलर थांबायला हवा. खरेदीला जाल तेव्हा यंत्र चालू करायला लावा आणि तो दांडा लाकडाने ढकलून बघा. मी असेही दांडे बघितलेत जे सारखे थांबतात म्हणून तारेने बांधून ठेवलेले असतात. नव्या यंत्रावरसुद्धा.

कपडे. पावसाळा सरला की तुमच्याकडे बायकाही फांद्या ओढायला असतील. साडीवर नवऱ्याचा शर्ट आणि डोक्याला रुमाल, हा आपल्याकडचा कामाचा वेष. शर्टाच्या बाह्या मनगटाशी बटण लावून, पदर शर्टाच्या आत, रुमालाचं टोक मागे लोंबत नाही, इतकं बघा. आणि त्यांनी फांद्या आणून ढिगावर टाकायच्या, यंत्राच्या तोंडाशी यायचं नाही. तोंडाशी एकच माणूस. त्याच्या हातात कडं, घड्याळ, दोरा काही नको. हातमोजे लोक कौतुकाने मोठे, कोपरापर्यंतचे आणतात. तो रुंद काठ फांदीच्या काटकीत अडकतो आणि हात फांदीबरोबर निघतो. बोटांना घट्ट, मनगटाशी आवळलेले, विणलेले मोजे घ्या. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. कानांचं सगळे टाळतात, कारण आवाजाने हात तुटत नाही.

उभं राहायचं तोंडासमोर नाही, बाजूला. बुंध्याकडचं टोक आधी. रोलरने धरलं की हात सोडायचा, पाठ वळवून पुढची फांदी घ्यायला जायचं, शेवटपर्यंत धरून ठेवायची नाही. उरलेली काटक्याकुटकं हाताने कधीच नाही, पुढच्या लांब फांदीने ढकलायची, किंवा लाकडी दांड्याने. लोखंडी पहार नको, ती आत गेली तर पात्यासकट बाहेर येईल. वेली अख्ख्या घालू नका. जुन्या कलमांवर चढलेली वेल हातभर तुकडे करूनच आत जाऊ द्या. लांब वेल पायात गुंतलेली असते आणि तिचं दुसरं टोक रोलरमध्ये असतं.

ट्रॅक्टरपाशी एक जाणता माणूस कायम उभा. पीटीओचा दांडा कुठे आणि इंजिन बंद कसं करायचं हे त्याला झोपेतही आलं पाहिजे. नेपाळी भावाला मराठी कळतंय असं धरून चालू नका, त्याच्याकडून दहा वेळा करवून घ्या. हँडब्रेक, चाकांना दगड, भुग्याची नळी माणसांपासून आणि वाटेपासून लांब वळवलेली. शाळा सुटायच्या वेळी काम बंद. पोरांना हे यंत्र बघायला फार आवडतं.

अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली काढून ज्याला हात घालायचाय त्याच्याच खिशात. मग थांबायचं. चकती दिसत नसेल तर बेल्टकडे बघा, बेल्ट फिरतोय तोवर चकती फिरतेय. थांबली की तिला अडवायची पिन असते ती लावा, मगच झाकण उघडा. इंजिन बंद असलं तरी चकती हाताने ढकलली की पातं फिरतं, आणि तेवढंही बोट जायला पुरतं.

उन्हाळ्यात करणार असाल तर सायलेन्सरखालचं गवत आधी साफ करा आणि पाण्याचं पिंप जवळ ठेवा. वणव्याच्या भीतीने घेतलेल्या यंत्राने वणवा लागायला नको.

विम्याचंही बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात मदत योजनेत खातेदार शेतकरी आणि घरातला एक माणूस बसतो. सातबारावर नाव नसलेला गडी बसत नाही. गड्याचं बँकेत खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा होतो, तो हप्ता तुम्ही भरा. नेपाळी जोडप्याचं काय होऊ शकतं ते बँकेत जाऊन स्वतः विचारा.

वायंगणी_आणि_पोफळ

तुमी सगळे मशीनचा बोलतास, माका भुग्याचा बोलूचा हा. ओलो भुगो कलमाच्या खोडाक टेकवून घालू नकात, वाळवी चढतली. खोडापासून हातभर सोडा, भोवती रिंगणात पसरा, चार बोटां जाड पुरे. मातयेत तर मिसळूच नकात, कुजताना तो नत्र ओढता आणि कलम पिवळा पडता. ढीग मारून, शेणकाल्याचा पाणी घालून वर्सभर ठेवलास तर मगे खंय व्हया थंय घाला. आणि काजीचो टाळ कुटूचो आसलो तर पुऱ्या बाह्यांचो शर्ट घाला. चीक उडता, आंग भाजता. आंब्याच्या चिकाचाय तसाच, पण काजीचो वायट.

राजापूरची_बाग

सगळ्यांचे आभार. ते आखूड तोंडाचं यंत्र रद्द. शेजारचे दोन बागायतदार आणि मी मिळून रोलरचं ४ इंची घेतोय, महाडीबीटीला अर्ज शेजाऱ्यांच्या सौभाग्यवतींच्या नावाने केलाय, त्या अल्पभूधारकही आहेत. पूर्वसंमती आली की बिल. घरचा विरोध मावळला आहे, पण किल्ली कोणाच्या खिशात राहणार यावर चर्चा चालू आहे.

दोन शंका राहिल्या. काही कलमं पार वठलीत, ती मुळासकट काढून कुटली तर चालेल? आणि पात्यांना धार किती दिवसांनी?

पाना_पक्कड

फांद्या काढणं वेगळं, झाड तोडणं वेगळं. आंबा महाराष्ट्रात अनुसूचित झाड आहे, १९६४ च्या कायद्यात. आपल्याच जागेतलं, आपल्याच आजोबांनी लावलेलं असलं तरी मुळासकट तोडायला परवानगी लागते. आधी अर्ज, मग कुऱ्हाड. शिवाय वठलेलं वाळकं लाकूड चिपरला त्रासच देतं, पाती लवकर बोथट होतात. ओलं असतानाच कुटायचं, कापल्यापासून पंधरवड्याच्या आत. वठलेलं सरळ सरपणाला.

धारेला दिवस नसतात, भुगा सांगतो. तुकडे कापल्यासारखे स्वच्छ पडतायत तोवर धार आहे. दोऱ्यासारखं, चोथ्यासारखं यायला लागलं, किंवा फांदी आत जाताना थडथडायला लागली की पाती काढा. आपल्याकडे धार जाते ती लाकडाने कमी आणि मातीने जास्त. फांद्या जांभ्यावरून फरफटत आणल्या की बुंध्याला लाल माती नि खडे चिकटतात, आणि तेच टोक आपण आधी आत घालतो. आपटून, झाडून घाला.

दुधारी पाती असतील तर आधी फिरवून दुसरी बाजू वापरा. धार लावायला देताना सगळी पाती एकदम द्या. एकच पातं घासलं तर वजनात फरक पडतो आणि चकती थरथरते. घासणाऱ्याला सांगा, सावकाश, पाणी मारत. कड निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार दोन दिवस टिकत नाही. परत बसवताना पातं आणि समोरचं स्थिर पातं यांच्यातली फट पुस्तकाप्रमाणे ठेवा, बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, अंदाजाने नाही. पहिला तासभर चालवलं की बंद करून एकदा परत आवळून बघा. टॉर्क पाना नसेल तर येताना माझ्याकडून घेऊन जा, परत आणून द्यायचा.